पाठ

उत्तरेचा वारा समुद्रावरून गल्लीत शिरला
की आधी मानेला कळतं, मग डोक्याला.
आमच्या क्वी न्योनमध्ये त्याला आजार म्हणत नाहीत,
वारं बाधलं, एवढंच म्हणतात
आणि चुलीवर मोठं पातेलं चढतं.

माझं मीच बघत आले आजवर.
सकाळी मिठाच्या पाण्याच्या तीन चुळा,
जाळी विणायला बसताना गालात आल्याची चकती,
रात्री घमेल्यात पाय, गरम पाण्यात मूठभर मीठ,
तळव्यांना हिरव्या कुपीतलं तेल, त्यावर मोजे.
ख्वे हसायचा,
"तुझ्या मोज्यांना दवाखान्याचा वास येतो."
ख्वे गेला. वास आहे.

परवा वारं लागलं.
पपनसाची पानं, गवती चहा, बांबूचा पाला
आणि तिया-तो, जिची पानं पोटाने हिरवी, पाठीने जांभळी.
चादर डोक्यावरून घेऊन पातेल्यावर वाकले,
झाकण बोटभर सरकवलं.
आतल्या अंधारात मी आणि वाफ.
नाकाच्या शेंड्यावरून घाम पाण्यात पडत होता,
माझाच काढा मी करत होते.

मग पेज, कांद्याची पात पेरून.
डोकं उतरलं. पाठ राहिली.
दोन फऱ्यांच्या मधोमध एक जागा आहे,
तिथे वारं बिऱ्हाड मांडून बसलं होतं.
चमचा घेतला. खांद्यावरून हात मागे नेला,
मग कमरेवरून वर.
शेवटी दाराच्या चौकटीला पाठ घासली, म्हशीसारखी.
ज्याने कुणी माणूस घडवला
त्याने हात दोन दिले
आणि एक जागा अशी ठेवली, जिथे दोन्ही पोचत नाहीत.

आईचं चांदीचं नाणं थुआनकडे आहे.
थुआन माझी पाठची.
तिचं घर माझ्या घराला पाठ लावून उभं,
मधे भिंत, भिंतीला मोरीचं भोक.
तीन वर्षं त्या भोकातून पाणी तेवढं येतं-जातं.
आई गेली त्या आठवड्यात नाण्यावरून आम्ही जे बोललो
ते सांगत नाही.
मोडीत घातलं तर वाटीभर सुकट येणार नाही त्या नाण्याची.

छत्री घेतली, गल्लीला वळसा घातला.
एकशे दहा पावलं, आज पहिल्यांदाच मोजली.
काय बोलायचं ते ठरवून गेले होते,
दारात पोचले आणि शिंक आली.
तिने पाहिलं,
सुपारीच्या डब्यातून नाणं काढलं,
म्हणाली, "सदरा वर कर."

तेल थंड, नाणं त्याहून थंड.
मानेपासून खाली, मग मणक्यापासून तिरपं,
बरगडीच्या रेषेने, डावीकडे, उजवीकडे,
उलगडलेल्या माशाच्या काट्यासारखं.
आई असंच ओढायची,
पण आई इतक्या जोराने ओढत नव्हती.
मी दात आवळले.
"आई गं" म्हटलं नाही, मुद्दाम.

"काळंनिळं आलंय," ती म्हणाली,
"किती दिवस अंगात घेऊन हिंडत होतीस?"

दवाखान्यातला तरुण डॉक्टर म्हणतो,
घासलं की कुणाच्याही पाठीवर वळ उठतात,
वाऱ्याचा त्यात काय संबंध?
नसेल.
त्याची गोळीही मी घेते, जेवणानंतर, न चुकता.
पण गोळी माझी मला गिळता येते.

तिने नाणं पुसलं, डब्यात ठेवलं.
मला दिलं नाही. मी मागितलं नाही.
एक चप्पल पायात, दुसरी शोधत होते,
तेव्हा उंबऱ्याकडे बघत ती म्हणाली,
"मलाही गुरुवारपासून उजव्या खांद्यात..."

चप्पल काढली.
तळहात एकमेकांवर घासून गरम केले.
"आण ते नाणं," म्हटलं, "आणि पालथी हो."
तिच्या मानेवर आईसारखाच एक तीळ आहे, मी विसरले होते.
हलक्या हाताने सुरुवात केली.
मग लावला जोर.